कारेलीबागेतून कॅल्गरीला: फर्निचर न्यायचं की तिथे घ्यायचं?

तुमच्या लांबलचक पत्रातला प्रश्न मला कळला तो असा. सप्टेंबरात तुम्ही दोघं आणि सहा वर्षांची मुलगी कायमच्या निवासाच्या व्हिसावर कॅनडातल्या कॅल्गरीला निघताय. घर बडोद्याच्या कारेलीबागेत, तीन बेडरूमचं, भरलेलं. पॅकर्सवाल्याने वीस फुटी कंटेनरचा भाव दिलाय. यजमान म्हणतात सगळं विकून मोकळं होऊ, सासूबाई म्हणतात सागवान कुणी विकतं का, आणि तुमचा जीव आजेसासूबाईंच्या, गुजरातेतल्या संखेडा गावच्या लाखकामाच्या झोपाळ्यात आणि देव्हाऱ्यात अडकलाय.

मी बावीस वर्षं बडोद्यातून लोकांची घरं परदेशी रवाना करते आहे. माझं मत आधीच सांगते: कंटेनर घेऊ नका. सोफा, पलंग, मॅट्रेस, डायनिंग टेबल, कपाटं इथेच राहू द्या. झोपाळा न्या, देव्हारा तपासून न्या, आणि पुस्तकं आणि पितळेची भांडी जरूर न्या. या शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक लोक जड म्हणून मागे ठेवतात, आणि तिथेच हिशेब चुकतो.

विमानात वजनाचे पैसे, जहाजात जागेचे. समुद्रमार्गे सुट्टा माल, म्हणजे अख्खा कंटेनर न घेता इतरांच्या मालासोबत, जातो तेव्हा दर घनमीटरवर लागतो. एका घनमीटरमागे हजार किलोच्या वर वजन गेलं तरच वजन मोजतात, आणि घरसामान त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे पितळेच्या परातीने आणि पाटा-वरवंट्याने भरलेलं खोकं आणि उशांनी भरलेलं खोकं, दोन्हींचं भाडं सारखं. आता टेप घेऊन घरात फिरा. एक घनमीटर म्हणजे साधारण ३५.३ घनफूट. तुमचा तीन जणांचा सोफा सात बाय तीन बाय तीन, म्हणजे ६३ घनफूट, पावणेदोन घनमीटरच्या वर, आणि त्यातली बरीचशी जागा स्पंज आणि हवा यांनी खाल्लेली. लोखंडी कपाट ३१ घनफूट, आत पोकळ. झोपाळा मात्र सुटा केला की फळी, पाठ, चार खांब, आडवा दांडा आणि कड्या, पॅकिंगसकट पंधरा घनफुटांत बसतो. एका सोफ्याच्या जागेत चार झोपाळे जातील.

तुम्ही दिलेल्या मापांवरून मी बेरीज केली. देव्हारा दहा घनफूट, चौरंग आणि पाट चार, दीड बाय दीड बाय दोन फुटांची बारा खोकी ५४, झोपाळा पंधरा. एकूण ८३ घनफूट, म्हणजे अडीच घनमीटरच्या आत. वीस फुटी कंटेनरच्या आतली जागा ३३ घनमीटर असते, प्रत्यक्षात २८च्या आसपास भरता येते. इतका मोठा कंटेनर घेतला की रिकामी जागा डोळ्यांत सलते, आणि मग माणूस जुना शू-रॅकसुद्धा त्यात टाकतो. मी हे डझनभर घरांत पाहिलंय.

भाव मागताना एकच गोष्ट धरून ठेवा: आकडा दारापासून दारापर्यंतचा हवा. बंदरापर्यंतचा भाव नेहमी गोंडस दिसतो. व्हँकुव्हर बंदरात माल उतरवण्याचं शुल्क, सामायिक कंटेनर उघडून वेगळं करण्याचं शुल्क, गोदामाचं भाडं, कस्टम्सने तपासायचं ठरवलं तर त्याचे पैसे, तिथून कॅल्गरीपर्यंतची रेल्वे किंवा ट्रक, आणि जिना असेल तर वर चढवण्याची मजुरी, हे सगळं त्या गोंडस आकड्याच्या बाहेर असतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला इथेच सुरुवात होते. कोणतं शुल्क धरलंय आणि कोणतं नाही, ते लेखी मागा. लिहून द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला माल देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

आता लाकडाकडे येते, कारण सासूबाईंचा मुद्दा खरा आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सागवान टिकाऊ आहेच. पण लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि तसं करताना ते रेषांना आडवं फुगतं किंवा आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. बडोद्याच्या श्रावणात हवेत ऐंशी टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते. कॅल्गरीचा हिवाळा कोरडा, त्यात घरात भट्टीची गरम हवा दिवसरात्र फिरणार. ह्युमिडिफायर (हवा ओलसर ठेवणारं यंत्र) नसेल तर घरातली आर्द्रता वीस-तीस टक्क्यांवर येते. चाळीस वर्षं इथल्या हवेशी जुळलेलं लाकूड एका हिवाळ्यात इतकं सुकलं की कुठेतरी ताण निघणारच.

तो कुठे निघेल ते बांधणीवर ठरतं. जुन्या मिस्त्रींनी चौकट करून तिच्या खाचेत फळी मोकळी बसवलेली असते. ती फळी आत आकसते आणि बाहेरून काही दिसत नाही. रुंद फळ्या सरसाने जोडून खालून स्क्रूने आवळलेलं टेबल मात्र फाटतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट: रावपुऱ्यातल्या एका कुटुंबाचं सहा माणसांचं सागवानी डायनिंग टेबल मी कॅनडातल्याच एडमंटनला पाठवलं. पॅकिंग उत्तम, एक ओरखडा नाही, सगळे खूश. फेब्रुवारीत त्यांनी फोटो पाठवला. टेबलाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट जाईल एवढी फट. ते टेबल त्यांच्या वडिलांनी पहिल्या पगारातून करवून घेतलं होतं. मी त्यांना कोरड्या हवेबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, कारण तोवर मलाच त्याची पुरती जाण नव्हती. त्या दिवसापासून प्रत्येक लाकडी वस्तू उलटी करून तिची बांधणी पाहिल्याशिवाय मी तिला यादीत घेत नाही. तुमच्या टेबलाचा खालच्या बाजूचा फोटो पाहिला. स्क्रू घट्ट आवळलेले आहेत. ते नेऊ नका. नणंदेच्या घरी मोकळी जागा आहे म्हणता, तिथे ते सुखाने राहील.

प्लायवूडचं फर्निचर या बाबतीत शहाणं, त्याच्या थरांची दिशा उलटसुलट असल्याने ते फारसं हलत नाही. पण प्लायचे वॉर्डरोब भिंतीच्या मापाने केलेले असतात आणि तिथली भिंत वेगळी. पार्टिकल बोर्डाचा विचारही नको. एकदा उघडून पुन्हा जोडायला गेलं की स्क्रूची भोकं भुसभुशीत होतात.

पलंगाबद्दल वेगळीच अडचण आहे आणि ती कुणी सांगत नाही. आपला किंग पलंग ७२ बाय ७८ इंच, क्वीन ६० बाय ७८. उत्तर अमेरिकेतला किंग ७६ बाय ८०, क्वीन ६० बाय ८०. तिथली मॅट्रेस तुमच्या पलंगात बसणार नाही, आणि इथली मॅट्रेस नेली तर तिथल्या चादरी नीट लागणार नाहीत. दहा वर्षं मापाबाहेरच्या पलंगावर काढण्यापेक्षा तिथे नवा घ्या. मॅट्रेस तर नवीच घ्या, जुनी कुणी फुकट दिली तरी नको. ढेकूण त्या शहरांतही आहेत.

फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांवर वेळ घालवू नका. तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. शिवाय भाड्याच्या घरात शेगडी आणि फ्रिज बहुधा असतातच. मिक्सर मात्र ११० व्होल्टचा इथूनच घेऊन बॅगेत घाला, आपल्या चटणीला आणि इडलीच्या पिठाला तिथलं ब्लेंडर पुरत नाही.

देव्हाऱ्याजवळ थोडं थांबू. तुम्ही लिहिलंय की तो “निदान शंभर वर्षांचा” आहे, आत पितळेचे देव आहेत, आणि मागच्या भिंतीवर राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीचं जुनं छापील चित्र आहे. हे वाक्य तुम्ही अभिमानाने लिहिलंत आणि ते वाचून मी दचकले. १९७२च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र किंवा कारागिरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितासाठी, त्याला ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असेल तर, ही मर्यादा ७५ वर्षांची आहे, म्हणजे आजोबांच्या हातची पोथीसुद्धा यात येऊ शकते. रविवर्म्याची मूळ चित्रं तर वयाचा प्रश्न न येता राष्ट्रीय कलानिधी आहेत. तुमचं चित्र छापील आहे, पण त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, तेव्हा सुरुवातीच्या काळातलं असेल तर त्याने शंभरी ओलांडलेली आहे. सयाजीराव महाराजांनी त्यांना इथे बोलावून चित्रं काढून घेतल्यामुळे बडोद्यातल्या मराठी घरांत ही छापील चित्रं खूप आहेत, आणि ती नेण्याचा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो.

यावर उपाय आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे वस्तूंचे फोटो आणि मापं देऊन अर्ज करायचा. तज्ज्ञ पाहतात आणि वस्तू पुरावशेष नाही असं ठरलं तर तसा दाखला देतात. बऱ्याचदा घरात “पणजोबांच्या वेळचा” म्हणून सांगितलेला देव्हारा १९५०-६०चा निघतो, आणि दाखला मिळाला की कस्टम्सचा प्रश्न उरत नाही. वस्तू खरोखर जुनी ठरली तर ती इथे राहील, कुटुंबातल्या कुणाकडे तिची पूजा चालू राहील. सप्टेंबरात निघायचं तर अर्ज आत्ताच करा. पॅकिंगच्या आठवड्यात हे काम होत नाही. देव्हाऱ्यावर हस्तिदंताचा एक तुकडा जरी जडवलेला असेल तर तो नेण्याचा विचार सोडा.

देव्हारा सागाचा आहे की शिसवी, हेही मिस्त्रीकडून पाहून घ्या. सागावर आंतरराष्ट्रीय निर्बंध नाहीत. शिसव आणि शिसम ज्या डाल्बर्जिया प्रजातीतले, ती प्रजाती २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, यादीत आहे. स्वतःच्या वापरातल्या घरगुती वस्तूंना सवलत असते, पण जड शिसवी वस्तूबद्दल दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना आधी विचारलेलं बरं.

कॅनडाच्या कस्टम्सबद्दल सांगते, कारण तुमचा खरा निर्णय इथे सुटतो. पहिल्यांदा स्थायिक व्हायला जाणाऱ्याला आपलं घरसामान शुल्काशिवाय नेता येतं. अट तीन शब्दांची: वस्तू तुमच्या मालकीची, तुमच्या ताब्यातली आणि तुम्ही वापरलेली हवी, तीही तिथे पोचण्याआधी. जाण्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेला, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेला सोफा यात बसत नाही. लग्नात मिळालेल्या वस्तूंना वेगळी सूट आहे, तुम्हाला ती लागू नाही. पोचताना विमानतळावर दोन याद्या द्यायच्या, एक सोबत आणलेल्या सामानाची, दुसरी मागून येणाऱ्या सामानाची. प्रत्येक वस्तू, अंदाजे किंमत, नंबर असेल तर नंबर. अधिकारी शिक्का मारून प्रत देतो, ती पासपोर्टसारखी जपायची.

मागून येणाऱ्या सामानाची ही यादी म्हणजे तुमच्या हातातला मोठा मोकळेपणा आहे. झोपाळा आणि देव्हारा सप्टेंबरात पाठवायलाच हवा असं नाही. यादीत लिहा आणि सामान सासूबाईंकडे ठेवा. कॅल्गरीत पहिलं वर्ष बहुतेकांचं असं जातं: सुरुवातीला तळघरातली भाड्याची जागा, मग नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला मिळाली म्हणून घरबदल, मग मुलीच्या शाळेसाठी आणखी एक. माझ्याकडून गेलेल्या एका कुटुंबाचा माल व्हँकुव्हरला पोचला तेव्हा त्यांच्याकडे पक्का पत्ताच नव्हता. गोदामाचं भाडं रोज चढत गेलं आणि शेवटी ते मूळ जहाजभाड्याच्या पुढे गेलं. इथून माल दारात पोचायला दोन ते तीन महिने धरा. भाडेकराराची जागा ठरली, ती मनासारखी वाटली, की फोन करा. झोपाळा तेव्हा निघेल. विनाशुल्क नेलेली वस्तू पहिल्या वर्षात विकली किंवा कुणाला दिली तर शुल्क भरावं लागतं, हेही ध्यानात ठेवा.

तोवर तिथे काय? पहिल्या आठवड्यात मॅट्रेस, एक टेबल, तीन खुर्च्या, मुलीसाठी अभ्यासाचा दिवा. बाकी सावकाश. महिनाअखेरीला लोक घरं बदलतात तेव्हा किजीजी या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर आणि फेसबुकवर चांगली लाकडी टेबलं, कपाटं, पुस्तकांची शेल्फं फार कमी किमतीत निघतात. हॅबिटॅट या सेवाभावी संस्थेच्या रीस्टोर नावाच्या जुन्या सामानाच्या दुकानातही मिळतात. कापडाने मढवलेलं जुनं काही घेऊ नका, कारण तेच, ढेकूण. नवं हवं तर आयकिया त्या शहरात आहे, आणि कॅल्गरी ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, फक्त पाच टक्के जीएसटी.

इथल्या फर्निचरचं काय करायचं हे ठरवताना ते घेतलं त्या दिवशीची किंमत मनातून काढून टाका. आज जुन्या बाजारात काय येईल आणि तिथे तशीच जुनी वस्तू कितीला मिळेल, या दोनच आकड्यांची तुलना न्यायाची आहे. सासूबाईंना दिवाण ठेवायचा असेल तर ठेवू द्या, पण कुलूपबंद तळमजल्यावर नको. २०१९ साली आणि पुन्हा २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा “परत येऊ तेव्हा लागेल” म्हणून ठेवलेलं किती सागवान चिखलात गेलं ते मी पाहिलंय. नांदत्या घरात, वरच्या मजल्यावर, कुणाच्या तरी वापरात असू द्या.

विम्याबद्दल दोन गोष्टी. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली फुटतूट विमा कंपन्या सहसा मानत नाहीत, म्हणून नाजूक वस्तू पॅकर्सकडूनच भरून घ्या आणि यादीवर तसं लिहून घ्या. आणि विमा न उतरवता माल पाठवू नका, तुमची खोकी सुखरूप असली तरीसुद्धा. जहाजावर संकट आलं आणि सगळ्यांचा माल वाचवायला खर्च झाला तर तो खर्च सगळ्या मालधन्यांमध्ये वाटला जातो. २०२१च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाच्या बाबतीत हेच झालं, ज्यांचं काही बिघडलं नव्हतं त्यांनाही हमी दिल्याशिवाय माल मिळाला नाही. विमा असला की ती हमी विमा कंपनी देते.

हे उत्तर इतर देशांत जाणारेही वाचतील, म्हणून त्यांच्यापुरतं थोडं. अमेरिकेत वर्षभर वापरलेलं घरसामान शुल्काशिवाय जातं. ब्रिटन आणि जर्मनीत सहा महिन्यांच्या वापराची आणि आधी बारा महिने बाहेर राहिल्याची अट आहे. जर्मनीत भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघराचे ओटे आणि दिवेसुद्धा नसतात, पैसे त्यासाठी राखा. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी लाकूड, वेत, बांबूचं सूप, केरसुणी यांचा फार विचार करावा. तिथे तपासणी कडक आणि धुरी देण्याचा खर्च तुमचा. डब्याच्या तळाशी राहिलेले तांदूळ आणि हरभरे तर मुळीच नकोत, खापरा किड्याच्या भीतीने सामानातून येणारं असं धान्य त्यांनी २०२० पासून बंद केलंय.

आता झोपाळा. संखेड्याचं काम सागाच्या लाकडावर लाख चढवून केलेलं असतं, आणि लाख चढते ती उष्णतेनेच. उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये ती मऊ पडते आणि प्लॅस्टिकचा कागद थेट गुंडाळलेला असेल तर त्याला चिकटून उचकटते. म्हणून आधी जुनी मलमल, मग कागद, मग बाकीचं. बाहेरची लाकडी पेटी कच्च्या फळ्यांची असेल तर ती उष्णता दिलेली, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटं, किंवा मान्य धुरी दिलेली, आणि तसा शिक्का असलेली हवी, नाहीतर पेटी तिकडे अडते. प्लायची केलीत तर हा प्रश्न येत नाही. पेटी भरण्याआधी प्रत्येक खांबाच्या बुडाशी बारीक भुकटी पडते का पाहा. पडत असेल तर भुंगा आहे, औषध मारून महिनाभर थांबा. पावसाळ्यात भरायची वेळ आली तर ओलावा शोषणाऱ्या पिशव्या घालायला सांगा.

फोटोत तुमचा झोपाळा छताच्या कड्यांना टांगलेला दिसतो, आणि खांब माळ्यावर आहेत म्हणता. तिथली घरं लाकडी सांगाड्याची, छताला जिप्समचे पत्रे. त्यात कडी ठोकली तर पत्र्यासकट खाली येईल, आणि घरमालक ठोकूही देणार नाही. तेव्हा खांब आधी खाली काढा. एखादा कुजला असेल तर बडोद्याच्या मांडवीतल्या किंवा थेट संखेड्याच्या खराद्याकडून (लाकूड कातणाऱ्या कारागिराकडून) तसाच करून घ्या, जोड सरसाचे नकोत, बोल्टचे घ्या. यादीतल्या वस्तू वापरलेल्या हव्यात, म्हणून नवा खांब लगेच वापरात आणा. झोपाळा दिवाणखान्यात जमिनीवर उभा करा, सासूबाई आणि मुलगी दोघींना त्यावर बसवा, झोका देऊन कुठला सांधा कुरकुरतो ते ऐका. मग प्रत्येक जोडावर पेन्सिलीने आकडे घालून फोटो काढा, आणि सुटे बोल्ट पुरचुंडीत बांधून फळीच्या मागेच चिकटवा.